धाकट्या बाईंची गैरहजेरी

प्रिय मावशी,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकणं आता कमरेला जमत नाही, कागदावर जमतं तेवढं गोड मानून घे.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो असं तू मागे लिहिलं होतंस. आमच्या मुख्याध्यापकांचं अगदी असंच आहे. वरच्या ऑफिसात जाताना वाटभर कुरकुरतात आणि येताना तोंडातून शब्द काढत नाहीत. तुझं मांजर अजून शेजारणीकडेच जेवतं का? आणि मागच्या खोलीतल्या त्या मोडक्या खुर्च्या काढल्यास का? सहज विचारतो. त्या खोलीला खिडकी होती असं आठवतं. दिवसा वाचण्यापुरता उजेड येत असेल, नाही का? असो.

माझं विचारशील तर केस कमी झाले, चष्म्याचा नंबर वाढला आणि हुद्दाही वाढला. मी आता आमच्या शाळेचा प्रज्ञाशोध समन्वयक आहे. हसू नकोस. वरून हुकूम आला की प्रत्येक सरकारी शाळेने आपल्याकडची असामान्य हुशार मुलं शोधून काढावीत आणि त्यांना आधार द्यावा. शोधून काढावीत म्हणजे जणू ती बाकांखाली लपून बसली आहेत. हुकूम आला त्या दिवशी मी दाढदुखीमुळे उशिरा पोचलो, आणि आमच्याकडे बैठकीला जो उशिरा येतो त्याच्या गळ्यात काम पडतं, अशी रीत आहे. त्या न्यायाने जनगणना, मतदारयादी आणि उंदीर निर्मूलन ही खातीही माझ्याकडेच आहेत. त्यातल्या त्यात उंदरांचं काम बरं चाललं आहे.

हुकुमासोबत हुशार मूल ओळखायच्या खुणा आल्या होत्या. मूल शांत बसतं का, वेळेवर येतं का, वही नीट ठेवतं का, विचारल्याशिवाय बोलत नाही ना, वगैरे. या खुणा प्रामाणिकपणे लावल्या असत्या तर व्हरांड्यातलं लोखंडी कपाट निवडलं गेलं असतं. ते रोज हजर असतं, शांत असतं आणि विचारल्याशिवाय उघडत नाही. (विचारलं तरी उघडत नाही, पण तो मुद्दा खुणांमध्ये नव्हता.) या खुणांवर निम्मे गुण आणि उरलेले लेखी परीक्षेवर. ती पाचवी ते सातवीच्या सगळ्यांनी द्यायची. निवडलेल्यांना शाळेतल्या शाळेत एक वेगळी खोली मिळणार होती, तीही मिळाली, जिन्याखालची. तिथे संगणक आले आहेत. ते खोक्यातच आहेत, कारण खोका उघडताना ज्या साहेबांची सही लागते त्यांची बदली झाली. तेव्हा सध्या आमची प्रज्ञावंत मुलं खोक्यांकडे तोंड करून बसतात. त्यातल्या एकाने परवा रडत येऊन माझा हात धरला, म्हणाला, सर, मला हुशार नका करू, मला माझ्या बाकावर बसू द्या. मी त्याला लिमलेटची गोळी दिली. दुसरा काही आधार माझ्याजवळ नव्हता.

पण आता खऱ्या गोष्टीवर येतो. आमच्या चौथीच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. तात्पुरती सोय म्हणून, आता सातवीत असलेल्या एका मुलीला त्या वर्गावर बसवलं. तात्पुरती सोय आमच्याकडे किती टिकते ते तुला ठाऊक आहे, शाळेचं छप्पर तात्पुरतं आहे आणि माझ्या जन्माआधीचं आहे. तर ही मुलगी गेलं वर्षभर आणि यंदाही चौथीला गणित शिकवते आहे. चौथीची पोरं तिला धाकट्या बाई म्हणतात. आता आम्हीही म्हणतो. भागाकार शिकवायला ती पोरांनाच व्हरांड्यात उभं करते आणि त्यांचे गट पाडते. जो बाकी उरेल त्याच्या हातात खडू मिळतो. त्यामुळे त्या वर्गात बाकी उरण्यासाठी मारामाऱ्या होतात. मी इतकी वर्षं भागाकार शिकवतो आहे, बाकी उरलेल्याचं काय करायचं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तिची आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. शाळा सुटली की हीही तिथे जाते आणि चादरीचं दुसरं टोक धरते. एकदा मला विचारायला आली, एक चादर दुमडत दुमडत गेलं, तर कितव्या घडीला आई तिच्यावर उभी राहून छताला हात लावेल? मी म्हटलं, उद्या बघू. तेव्हा म्हणाली की उत्तर तिने काढलं आहे, फक्त तपासून हवं आहे. घरी जाऊन तपासलं. बरोबर होतं. (मनाचं समाधान व्हावं म्हणून पुन्हा एकदा तपासलं, त्या खेपेला माझं चुकलं.) मावशी, एवढ्या वर्षांत असं मूल माझ्या वर्गात आलं नव्हतं. तिला बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगतो, काळजीच लागली. कारण आमची शाळा सातवीला संपते. निवड झालेल्यांना पुढे तुमच्या शहरातल्या मोठ्या शाळेत पाठवतात (तीच, जिच्या घंटेने तुझी दुपारची झोप मोडते), आणि वसतिगृहात जागा मिळते. बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं. हिचं बघून ठेवलेलं होतं. लाँड्रीच्या मुकादमाने सुट्टी लागली की पोरीला कामावर घेतो म्हणून सांगितलं होतं.

आता परीक्षेच्या दिवसाचं ऐक. पेपर तीन वर्गांचा एकाच वेळी. पर्यवेक्षणाला सगळे शिक्षक लागणार. मग लहान वर्ग सांभाळणार कोण? पहिली ते तिसरीला सुट्टी दिली. चौथीला देता येईना, कारण त्यांना त्या दिवशी जंताच्या गोळ्या द्यायच्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, अहो, धाकट्या बाई आहेत ना. शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. एवढे पदवीधर तिथे बसलो होतो, धाकट्या बाई सातवीत आहेत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. ती खडू घ्यायला आली तेव्हा तिने मला विचारलंसुद्धा, सर, मला पण पेपर आहे ना? माझ्या दोन्ही हातांत गठ्ठे होते. मी म्हटलं, हो हो, तू आधी तिकडे जा, मग बघू. ते मग काही आलं नाही. पेपर गोळा झाले, लाख लागली, गठ्ठे गेले. तिच्या नावापुढे गैरहजर असं लिहिलं गेलं. गैरहजर होती ती भिंतीपलीकडे, मावशी. परीक्षाभर तिचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. गप्प बसा रे, तिकडे पेपर चालू आहे, असं ती पोरांना सांगत होती.

निकाल लागला. निवडलेल्यांत पाचवीतली काही पोरं आहेत. त्यांना गेल्या वर्षी भागाकार कोणी शिकवला ते वेगळं सांगायला नको.

मी वरच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब सज्जन आहेत, चहा देतात आणि नाही म्हणतात. फेरपरीक्षा फक्त आजारी मुलांची होते, असा नियम आहे. मी म्हटलं, ती आजारी नव्हती, ती शिकवत होती. साहेब म्हणाले, विद्यार्थी शिकवत होता असं मी लिहू शकत नाही, कारण मग चौथीला शिक्षक नाही असं होईल, आणि आमच्या नोंदीप्रमाणे आहे. त्यांनी चहा पुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, आजारी दाखवा ना. मी खोटं बोलायला नाखूश असतो, असं नाही. पण सराव नाही. मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि म्हटलं, हिला मागच्या तारखेने थोडं आजारी करा. त्यांनी तिचे डोळे पाहिले, नखं पाहिली, सुई टोचली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत आक्रसलो. म्हणाले, मागच्या तारखेने कशाला, पोर आजच आजारी आहे. अंगात रक्त नाही. दुपारी काय खाते विचारलंत कधी? मी कधी विचारलं नव्हतं. आणि ऐक मावशी, माझी पहिली भावना काय होती, तर सुटलो एकदाचा. पोर खरंच आजारी निघाली म्हणून मला बरं वाटलं. त्या क्षणाची लाज अजून जात नाही.

दाखला घेऊन धावत साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचला, चहा मागवला, आणि तेव्हाच मी समजलो. वसतिगृहाला मूल सुदृढ लागतं. म्हणजे आजारी नसेल तर परीक्षा नाही, आणि आजारी असेल तर वसतिगृह नाही. साहेबांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, दाखला परत घेता का? मी म्हटलं, दाखला घेईन हो, रक्त कुठून आणू? चहा तसाच राहिला.

मग तिच्या आईकडे गेलो. लाँड्रीत वाफेमुळे माझा चष्मा धुरकटला, त्यामुळे बराच वेळ मी एका खांबाशी बोलत होतो. आईने ऐकून घेतलं. हातातली घडी पुरी केली आणि म्हणाली, "हुशार आहे ते मला कळतं, सर. तिचं करायचं काय, ते कोणी सांगत नाही." मी चादरीचं दुसरं टोक धरलं. माझी घडी तिरकी आली, ती आईने उलगडून पुन्हा घातली.

तर असं आहे सगळं. तुला उगाच त्रास दिला, पण मन मोकळं करायला दुसरं माणूस नाही. गुडघ्याला शेक देत जा. मोठ्यांना नमस्कार असं लिहिणार होतो, पण आता आपल्यात तुझ्याहून मोठं कोणी उरलं नाही.

तुझा भाचा

ता. क. मागच्या खोलीची चौकशी मी सहज केली नव्हती, हे तुला पहिल्याच ओळीत कळलं असणार. त्या मोठ्या शाळेत निवड न झालेल्यांनाही प्रवेश मिळतो. मिळत नाही ते फक्त वसतिगृह. शहरात राहायला घर असलं की झालं. तुला माणसांची कटकट नको असते, मला माहीत आहे. मीच तुझ्याकडे राहिलो होतो तेव्हा तू आठवड्यात कंटाळली होतीस. पण ही माझ्यासारखी घोरत नाही.

ता. क. दुसरा. रक्ताच्या गोळ्या सोबत दिल्या आहेत, त्या जेवणानंतर द्यायच्या. आणि तिला चादरींच्या घड्या घालायला सांगू नकोस. ती आपणहून घालायला लागेल, घालू देऊ नकोस. चौथीवर आता सहावीतली एक मुलगी बसवली आहे. बरी शिकवते. खोलीत दोन पलंग मावतील का? (हे मात्र खरंच सहज विचारतो.)

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलं असशील. पत्र आणणारी तुझ्या दारात उभी आहे. तिची आई म्हणाली होती, त्या घरून बोलावणं आलं तरच पाठवीन, माझी पोर कोणावर लादायची नाही. मी सांगितलं, मावशीने बोलावलं आहे. आईने विश्वास ठेवला. मुलीने विचारलं, सर, बोलावल्याचं पत्र बघू. मी म्हटलं, घरी राहिलं. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आत जाऊन पिशवी भरली. तिला सगळं कळलं आहे, मावशी, आणि तरी ती आली आहे. तेव्हा हा कागद आता खाली ठेव, तिच्याकडे बघ, आणि रागावल्यासारखं म्हण, किती गं उशीर केलास.