डोकं वळलं, डोळे तिथेच

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून बसून मान आणि पाठ दोन्ही धरली आहेत, तेव्हा तो वाकून केला असं समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? नव्या चष्म्याशी जमलं का, की तो कपाटात आणि तू अजून जुन्याच्याच वरून बघतेस? आम्ही इकडे मजेत आहोत. तुझी सून म्हणते, मजेत आहोत असं लिहू नका, मावशींना खोटं लगेच कळतं. तर खरं लिहितो. माझी नोकरी टांगणीला लागली आहे.

फोटोचं दुकान बंद केलं ते तुला ठाऊक आहेच. (प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर "हनुवटी जरा खाली घ्या" हे ऐकायला माझ्या स्टुलावर कोण येणार?) त्यानंतर ज्या कंपनीत चिकटलो तिथे कॅमेऱ्याशिवाय फोटो काढतात. म्हणजे जी वस्तू जगात नाहीच, ती कॉम्प्युटरच्या पोटात घडवायची, तिच्यावर उजेड पाडायचा आणि असं चित्र काढायचं की बघणाऱ्याने हात पुढे करावा. याला थ्री-डी म्हणतात. मुलाखतीत मी छाती फुगवून सांगितलं की उजेड-सावलीत माझी हयात गेली, मला हे काय अवघड! मॅडमनी (आमच्या वरिष्ठ; वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण त्यांच्यासमोर मला वर्गात उभं केल्यासारखं वाटतं) लगेच मला एक कप करायला दिला.

तुला वाटेल, कप म्हणजे काय, काढायचं चित्र. छे! आधी तारेच्या जाळीसारखा सांगाडा करायचा. एक बिंदू, दुसरा बिंदू, तिसरा, ते जोडले की एक चपटा तुकडा. असे ढीगभर तुकडे एकमेकांना चिकटवले की आकार येतो. मग त्यावर रंगाचं पांघरूण चढवायचं, वर चिनी मातीची चकाकी की लाकडाचा खरखरीतपणा ते ठरवायचं. मग दिवे. मग कॅमेरा (तोही खोटाच). आणि शेवटी कॉम्प्युटरला म्हणायचं, काढ बाबा आता चित्र. तो मग चित्रातल्या एकेका ठिपक्यापाशी उजेड कुठून आला, कशावर आपटला, किती उरला याचा हिशेब करत बसतो, आणि त्याचा पंखा असा घरघरतो की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने मला विचारलं, तुम्ही घोरताय का? याला रेंडर करणं म्हणतात. माझा पहिला रेंडर काळाकुट्ट आला. मी वायरी हलवल्या, पडदा पुसला, कॉम्प्युटरला एक चापटही मारली. शेवटी मॅडम येऊन म्हणाल्या, "दिवा लावलाच नाहीत तुम्ही." उजेड-सावलीत हयात गेलेला माणूस मी! दुसऱ्या खेपेला आठवणीने दिवा लावला, तर कप टेबलावर न बसता वीतभर वर तरंगत होता. मी म्हटलं, नवीन फॅशन असेल. मॅडम हसल्या नाहीत.

तरी त्यांनी मला पुढचं काम दिलं, हा त्यांचा मोठेपणा. (की दुसरं कोणी मोकळं नव्हतं, ते मी विचारलं नाही.) कानाची यंत्रं करणाऱ्या एका कंपनीला जाहिरातीसाठी एक हसरी आजी हवी होती. ही जमली तर तुम्ही कायम, नाहीतर आपण दोघांनी विचार करू, असं मॅडम म्हणाल्या. असा विचार दोघांनी केला तरी घरी एकालाच बसावं लागतं, हे मला कळत होतं. म्हणून मी जीव ओतला. माणसाच्या कातडीत उजेड थोडा आत मुरतो आणि मग बाहेर येतो. तसं केलं नाही तर माणूस मेणाचा दिसतो. ते शिकलो. डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या एकेक करून घातल्या. (कोणाला नजरेसमोर ठेवून केली ते मध्येच विचारू नकोस, आधी पत्र पुरतं वाच.) कंपनीचे साहेब चित्रावर बेहद्द खूश झाले आणि तिथेच माझा घात झाला. म्हणाले, आता हिला हलवा. मागून कोणीतरी हाक मारतं, आजी मान वळवते, आणि कानामागे आमचं यंत्र दिसतं.

मावशी, मी कानामागे काही केलंच नव्हतं! जन्मभर लोकांचे समोरून फोटो काढले. माझ्या दुकानात कोणी पाठ करून बसला असता तर मी त्याला उठवून डॉक्टरकडे पाठवला असता. त्यामुळे आजीला समोरून सगळं होतं, आणि मागून काही म्हणजे काही नव्हतं. पण हे कबूल कोण करणार? मान जराशीच वळायची आहे, खपून जाईल, असं म्हणून मी गप्प बसलो.

दाखवायच्या दिवशी मोठ्या खोलीत सगळे जमले, चहा आला, आणि मी रुबाबात बटण दाबलं. आजीचं डोकं छान वळलं. डोळे मात्र तिथेच राहिले. दातही. डोकं आपल्या वाटेने निघून गेलं, आणि डोळे नि दात हवेत लटकून साहेबांकडे बघत प्रेमाने हसत राहिले. डोकं पुरतं वळल्यावर तर ते मागून सताड उघडं, आतून रिकामं. साहेबांनी चहा स्वतःच्या पँटवर घेतला. मग म्हणाले, "आमचं यंत्र लावलं की हे असं होतं, असं वाटेल हो लोकांना!"

मॅडमनी नंतर समजावून सांगितलं. डोळे वेगळे घडवतात, आणि ते डोक्याच्या पदरात घालावे लागतात. कॉम्प्युटरच्या हिशेबी डोकं आई आणि डोळे मुलं. आई हलली की मुलं आपसूक मागे जातात. मी ही पोरं वाऱ्यावर सोडली होती. ती आता आईला बांधली आहेत, दातांचीही सोय लावली. उरली ती डोक्याची मागची बाजू. पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा येणार आहेत (पँट बदलून), आणि त्या दिवशी माझा निकाल आहे.

बाकी सगळं ठीक. गुडघ्यांना जप, चष्मा लाव.

तुझा,
अजून तरी नोकरीत असलेला भाचा

ता. क. ती आजी तूच आहेस. लगेच डोळे वटारू नकोस. तुला सगळं नीट ऐकू येतं, आम्हीच तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, हे मला मान्य आहे आणि साहेबांनाही मी तसं सांगून ठेवलं आहे. पण हसरी आजी म्हटल्यावर मला दुसरा चेहरा सुचला नाही, आणि सुचला असता तरी आवडला नसता. आधी विचारायला हवं होतं; तू नको म्हणशील म्हणून घाबरलो. तुझी हरकत असेल तर साफ सांग. सगळं पुसून टाकीन, नोकरी गेली तरी चालेल. (तुझी सून म्हणते, चालणार नाही.)

आणखी एक ता. क. हो म्हणालीस, तर तू मागून कशी दिसतेस ते मला हवं आहे. घरातले सगळे अल्बम उपसले. तुझे फोटो पुष्कळ निघाले, पण सगळे समोरून. मग नुसतं आठवायला बसलो, तर तेही जमेना. ओट्याशी काम करत असलीस तरी दारात पाऊल वाजलं की तू आधी वळून बघायचीस. आणि निघताना पाठ आम्हीच करायचो. गल्लीच्या वळणावरून मागे पाहावं, तर तू आपली दारात उभी. तेव्हा रविवारी मी कॅमेरा घेऊन येतो. बाकी काही करू नकोस. फक्त मी निघताना या वेळी तू आधी आत जा, दारात मी उभा राहतो. (आणि वळून बघू नकोस. तुला जमायचं नाही, माहीत आहे मला. तरी प्रयत्न कर.)