काचपेटीतले लाकडी जोडे

ब्रूकबँक, रॉसेनडेल
८ ऑक्टोबर १९६२

ती. हेस्टर आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? समुद्राच्या वाऱ्यानं बरा होईल असं तुझे डॉक्टर म्हणतात, आणि तू म्हणतेस समुद्राच्या वाऱ्यानंच धरला. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी आणि मांजर.

आता बस, मग पुढचं वाच. मी हे घर विकायचं ठरवलं आहे. बाबा गेल्यापासून अकरा खोल्यांत मी एकटी, आणि खाली कारखान्यात बेचाळीस बायका. लोकांना हल्ली रबरी तळाच्या सपाता हव्यात, घातल्या घातल्या अंगणात जाता येईल अशा. आपल्या दाबलेल्या लोकरीच्या, फेल्टच्या तळाला कुत्रं विचारत नाही. रबरी तळ बसवायचं यंत्र आलं नाही तर नाताळाला कारखान्याला कुलूप लागेल. घर गेलं तर यंत्र येतं, इतकं सरळ आहे. एक दातांचे डॉक्टर घ्यायला तयार आहेत, दहा नोव्हेंबरपर्यंत थांबतो म्हणाले. घरात निम्मा वाटा तुझा, म्हणून सही हवी. कागद सोबत आहे. मला बॉबिन गल्लीत दोन खोल्या मिळताहेत, नळ अंगणात.

रागावलीस तरी चालेल, पण सही करून राग धर, आणि लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी भाची,
ऑड्री


साउथपोर्ट
११ ऑक्टोबर

चि. ऑड्रीस,
अ. उ. आ.

कागद परत पाठवते आहे, कोराच. गुडघा बरा आहे, डोकं मात्र तुझ्या पत्रानं उठलं.

‘लाकडी जोड्यांतून लाकडी जोड्यांत, तीन पिढ्यांत.’ अगं, आपल्या लँकाशायरात पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे हे! पहिला कमावतो, दुसरा राखतो, तिसरा उडवतो आणि पुन्हा गिरणीकामगाराचे लाकडी जोडे पायांत घालतो. पहिले तुझे आजोबा. दुसरे तुझा बाप आणि मी. तिसरी कोण, ते आरशात बघ. दुसऱ्यांच्या गिरणीतला केर, फेल्टच्या चिंध्या, यांतून माझ्या बाबांनी कारखाना उभा केला. लोक नाक धरायचे तेव्हा ते म्हणायचे, घाण तिथं धन. म्हणून तर त्यांचे लाकडी जोडे जेवणघरात काचपेटीत टांगले आहेत. दर नववर्षाला जेवणं झाली की त्या पेटीपुढं उभं करून ते आमच्याकडून ती म्हण वदवून घेत. तुझ्या बापानं तुझ्याकडून वदवून घेतली. एवढी वर्षं घोकलीस ती कशाला? तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मलीस, तुला काय कळणार म्हणा!

सगळं गाव आपल्या ऑर्मरॉड घराण्याची तिसरी पिढी कधी घसरते याची वाट बघत बसलंय. ती मजा मी त्यांना फुकटात देणार नाही. आणि त्या काचपेटीला हात लावायचा नाही. ती कधी उतरवायची झालीच तर मी स्वतः येईन.

कानउघाडणी मायेपोटीच केली आहे, हे विसरू नये.

तुझी आत्या,
हेस्टर


ब्रूकबँक
१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

म्हणींचीच लढाई करायची असेल तर माझाही भाता भरलेला आहे. कफनाला खिसे नसतात. पेनीला शहाणा तो पौंडाला खुळा. आणखी हव्यात? मला वाटतं, म्हणी करणाऱ्या माणसानं खर्च करणाऱ्यासाठी एक आणि न करणाऱ्यासाठी एक अशा जोडीनंच करून ठेवल्या. भांडण मिटू नये म्हणून.

आपली मुकादमीण बर्था अ‍ॅशवर्थ आठवते ना? गाव काय म्हणेल, असं मी तिला विचारलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, गाव कधीचं वाट बघतंय, एकदाचं होऊन जाऊ द्या बाईसाहेब, म्हणजे लोकांना बोलायला दुसरं काहीतरी सापडेल. मग वळून कामाला लागली. तिचा नवरा दोन वर्षं छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलाय, आणि दोन्ही मुली आपल्याकडेच शिवणाला बसतात. आत्या, मला भीती वाटते गं. गावाची नाही, नाताळची.

कागद पुन्हा पाठवते आहे. सोबत आल्या-काकवीचा पार्किन केक. यंदा पाच नोव्हेंबरच्या, बाहुला जाळायच्या होळीआधीच केला, तुला लाच म्हणून.

केक गोड लागला तर भाचीही गोड मानून घे.

ऑड्री


साउथपोर्ट
२४ ऑक्टोबर

चि. ऑड्रीस,
अ. उ. आ.

केक दगड झाला होता. चहात बुडवून खाल्ला, सगळा.

मूर्ख आणि त्याचा पैसा फार दिवस एकत्र नांदत नाहीत. सही करणार नाही. पुन्हा विचारू नकोस. तब्येतीला जप, कोटाची बटणं वरपर्यंत लावत जा.

हेस्टर


ब्रूकबँक
६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र चूक कबूल करायला लिहिते आहे. काल दुपारी गल्लीतली पोरं रात्रीच्या होळीत जाळायचा बाहुला ढकलगाडीत घालून दाराशी आली आणि पेनी मागायला लागली. बाहुल्याला टोपी होती, कोट होता, पाय मात्र उघडे. जुने जोडे आहेत का, असं पोरांनी विचारलं. तुझं ते चार ओळींचं पत्र माझ्या डोक्यात ठणकत होतं. मी तरातरा जेवणघरात गेले, स्टुलावर चढले आणि पेटी उतरवली. जळू देत, म्हटलं. जोडेही जळू देत आणि ती म्हणही.

पण देण्याआधी, का कोण जाणे, एकदा पाय घालून बघितला. आत्या, ते मला अगदी बरोब्बर बसले. आजोबा सहा फुटांचे होते. त्यांचे हातमोजे माझ्या कोपरापर्यंत येतात. हे जोडे त्यांचे नाहीत. बाईमाणसाचे आहेत, तळाची लोखंडी नाल डाव्या टाचेला पार झिजलेली.

पोरांना बाबांचे बागेतले बूट दिले. मी अजून स्वयंपाकघरात लाकडी जोडे घालून बसले आहे. पेटीला हात लावू नकोस असं तू का म्हणालीस? रागाव, पण खरं सांग.

तुझ्या लोभाला पारखी व्हायची इच्छा नसलेली,
ऑड्री


साउथपोर्ट
८ नोव्हेंबर

चि. ऑड्रीस,
अ. उ. आ.

चोपन्न वर्षं पोटात ठेवलं, आता ऐक. १९०८ साली मी नऊ वर्षांची होते, तुझा बाप वॉल्टर सहाचा. आमच्याही बाहुल्याला जोडे नव्हते. मी स्टूल धरलं, वॉल्टर वर चढला. बाबांचे जोडे असे धडधडून जळले म्हणून सांगू! सगळी आळी टाळ्या पिटत होती.

सकाळी आईनं रिकामी पेटी पाहिली. आम्ही भिंतीला चिकटून उभे. तिनं कोळशाच्या खोलीतून स्वतःचे जुने जोडे आणले, काजळीनं घासले आणि टांगले. आम्हाला म्हणाली, नुसते बघायचेच तर आहेत, घालायचे नाहीत. बाबांची नजर अधू, पेटी उंचावर. पुढं एकवीस नववर्षं ते माझ्या आईच्या जोड्यांकडे बोट दाखवून आपल्या कष्टांवर भाषण ठोकत, आणि आई सुरकुतलेल्या हातांनी त्यांना पुडिंग वाढत बसायची. तुझा बाप हसू दाबायला खोकायचा. तुझ्यापुढं मात्र मेल्यानं तेच भाषण चेहरा सरळ ठेवून ठोकलं!

गिरणीतला केर झाडायला तीच जायची, ऑड्री. फेल्टच्या चिंध्या ओच्यात घालून तीच आणायची. पहिली सपात तिनं शिवली, बाबांनी विकली. डाव्या पायावर भार टाकून चालायची ती. तुझं पत्र वाचलं आणि मी रडले. काचेत टांगलेले जोडे मला कळले, पायांतले कळले नाहीत.

बाबांच्या जोड्यांत आता कुणालाच परत जाता येणार नाही, त्यांची राख झाली. आईच्या जोड्यांत परत जायचं असेल तर खुशाल जा. सही केलेला कागद सोबत आहे. पेटी दातांच्या डॉक्टरांना राहू दे, कवळ्या ठेवायला. जोडे घालूनच बॉबिन गल्लीतून चाल. फरशीवर चांगला आवाज होऊ दे, गाव एवढी वर्षं वाट बघतंय.

म्हातारीवर जीव आहे तसाच असू दे.

तुझी आत्या,
हेस्टर

ता. क. दोन खोल्यांतली एक माझी. मी शनिवारी येते आहे. समुद्राचा वारा गुडघ्याला मानवत नाही, हे मी कधीपासून सांगते आहे.