येते म्हणावं

आई,

हे पत्र पाठवणार नाही, तुमचं बीपी वाढेल.

तुमच्या चिरंजीवांच्या दिवसभर मीटिंगा चालतात, म्हणून या परक्या शहरात मी एकटीच हिंडते. इथल्या भाषेचं एक अक्षर कळत नाही. तरी चार दिवसांत ट्रामचे थांबे पाठ झाले, आणि कोपऱ्यावर बूट शिवणारे आजोबा मला हात करायला लागले. म्हणजे ओळखीचं एक माणूस झालं. हॉटेलच्या खोलीतलं धरलं तर दीड.

लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर निघताना मी "जाते" म्हणाले, तेव्हा तुम्ही कणकेच्या हातांनी दारापर्यंत आला होतात. "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." बावीस वर्षं तेच म्हणत आले.

काल सकाळी दारात उभं राहून मुद्दाम, चांगलं मोठ्याने म्हणाले, "जाते."

यांनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "हं. दार ओढून घे."

दार ओढून घेतलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली. ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, एका बाकावर बसून पाव खाल्ला आणि परत आले. यांनी काही विचारलं नाही.

आज चपलेचा बंद तुटला. आजोबांनी तो शिवून दिला. निघताना माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "येते हं."

त्यांना काय कळणार? पण हातातली सुई थांबवून त्यांनी मान वर केली.

अजून तरी तुमची,
सून