भिंतीवरचे दोन उजेड

बारामती,
चैत्र, सन १९३६

प्रिय कौसल्या,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. पत्र माझ्याच हातचं आहे, अक्षर वेडंवाकडं आहे, दम धरून वाच. मोटारीवरचा नवा ड्रायव्हर जोतीराम लिहून देतो म्हणाला होता. म्हटलं नको, यातलं एक त्याच्या कानावर आत्ताच जायचं नाही.

आधी बातमी. तुझे तात्या रातआंधळे नाहीत. नव्हतेच. आणि हे मी मोटारीच्या मालकांच्या, आप्पासाहेबांच्या तोंडून चार माणसांत वदवून घेतलं.

आठ वर्षं बारामती-इंदापूर मोटार चालवणारा माणूस. माघात निमगाव केतकीजवळ सांजेला उभी बैलगाडी दिसली नाही, धडकेनं तिचं चाक मोडलं. माणसाला, बैलाला काही झालं नाही. पण मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "सर्जेराव, डोळे गेले तुमचे." यांनी छातीवरचा ड्रायव्हरचा पितळी बिल्ला काढून मालकांच्या ओट्यावर ठेवला. मी तरी काय दिवे लावले? बोकडाचं काळीज आणून खाऊ घातलं, डोळ्यांत मध घातला, वर डोळ्यांवरून टोचून बोललेही. मग ते उठून तुझ्याकडं पळसदेवला आले. लेकीच्या घरचं पाणी घेताना अवघडणारा माणूस, तिथं जोंधळ्यातली पाखरं हाकत बसला.

मागल्या पंधरवड्यात मी तुमच्याकडं आले, तेव्हा यांनी भीमेच्या पल्याड बसलेली घार मला बोटानं दाखवली. बरं वाटायचं सोडून मला रागच आला. एवढं दिसतं, तर मग अंधार पडला की होतं काय?

परतताना इंदापुरात शेवटची मोटार धरली. यांच्या जागी आता जोतीराम, पंचविशीचा गडी. मी मुद्दाम पुढं त्याच्या शेजारी बसले. दिवस मावळला, त्यानं दिवे लावले आणि मोटार म्हशीसारखी चालवायला लागला. म्हटलं, हाक की रे, पोचायचंय आज. तर म्हणतो, "मामी, फुडचं कायच दिसत न्हाय." मैलाचा दगड अगदी चाकाशी आला तेव्हा दिसला. उजेड हळदीच्या पाण्यासारखा, रस्ता सोडून दोन्हीकडच्या बाभळींवर सांडलेला. तिथंच मी मांडीवर हात मारला. या पोराचेही डोळे गेले म्हणायचे का?

दुसऱ्या दिवशी सांज होताच आप्पासाहेबांना ओट्यावरून उठवून स्टँडवर आणलं. माझा आवाज तुला ठाऊक आहे. गुळाच्या वखारीच्या भिंतीसमोर आपली मोटार लावली, शेजारी फलटणची. दोन्ही भिंतीपासून वीस पावलं, मी मोजली. दिवे लावायला सांगितलं. फलटणवालीचा उजेड पांढरा, ताटासारखा गोल. आपलीचा पिवळा, विरलेल्या लुगड्यासारखा. आप्पासाहेब म्हणाले, आतला बिजलीचा गोळा जुना झाला असेल. नवा घातला, तसाच. तारा बघितल्या, तसाच. मग काच उतरवली. आत गोळ्यामागं एक वाटी असते, तिला चांदीचं पाणी दिलेलं असतं, तेच उजेड पुढं फेकतं. ते पाणी पार गेलेलं, खालचं पितळ उघडं. जोतीराम म्हणाला, हे आपोआप झालेलं न्हाय, कुणीतरी खरवडलंय. मी म्हटलं, ते मागनं शोधा, आधी दिवे बदला.

पुण्याहून रेल्वेनं नवे दिवे आले, काल बसले. मी पुन्हा पुढं बसले. मैलाचा दगड आता वळणावरूनच दिसतो. वरचा आकडासुद्धा मी वाचला, दुसरी शिकलेल्या बाईनं. स्टँडवर आप्पासाहेबांनी बिल्ला माझ्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सर्जेरावांना सांगा, चूक माझी झाली." मी भर बाजारातून तो बिल्ला मुठीत न झाकता घरी आणला. बघू दे सगळ्यांना.

आता तुला का लिहिते ते. चूक आप्पासाहेबांची नव्हती. गेल्या दसऱ्याला मोटारीची पूजा होती, तू आली होतीस. आदल्या दिवशी तुझे तात्या दुपारी झोपले होते, तेव्हा मी दिव्यांच्या काचा उतरवून आतल्या वाट्या चिंच आणि राखेनं देवाच्या भांड्यांसारख्या घासल्या. काळपट दिसत होत्या, म्हटलं उजळतील. पुढं महिनाभर ते म्हणत होते, दिव्यात दम राहिला नाही. मी म्हणायची, वयात दम राहिला नाही म्हणा. वखारीच्या भिंतीसमोर काच उतरली, तेव्हा सगळं समजलं आणि मी गप्प बसले. आप्पासाहेबांना मी सांगणार आहे, पण आधी यांना. पंचवीस वर्षांत यांच्यापुढं कधी माझं चुकलं म्हटलं नाही, तोंडावर ते आता निघायचं नाही. म्हणून हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, हे शेवटचंसुद्धा, गाळू नको. रागावले तर रागावू दे. पण बुधवारी सांजेला इंदापूरच्या स्टँडवर उभं राहायला सांग. जाताना जोतीराम चालवील, परतीला हे. बिल्ला घेऊन मी येते. पार काळा पडलाय, पण मी घासलेला नाही.

तुझीच,
आई