वीस बाजूंचा फासा

जामसंडे, ता. देवगड
११ डिसेंबर १९८६

प्रिय सत्यवान,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. आई तुझी आठवण काढते. कॉलेज सोडून दोन महिने झाले, तरी आबा माझ्याशी जेवणापुरतंच बोलतात.

येत्या रविवारी मेसमध्ये आपल्या फाशाच्या खेळात माझ्या जागी तू गोष्ट चालवणार, बाकीचे तिच्यातली माणसं होणार. घाबरू नको रे. आमच्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, बोलणं ज्याचं त्याचं. तसंच कर. सगळं लिहून नेऊ नको. जो गप्प बसलाय त्याला आधी विचार, तू आता काय करतोस? आणि तो सांगेल ते गोष्टीत घे, तुला झोंबलं तरी.

फासा मात्र पाटी उभी करून तिच्याआड टाकू नको. सगळ्यांसमोर टाक.

का, ते तू पाहिलंयस. गोष्टीत शंकर पुरात वाहून चाललेला, दुर्गाने त्याच्यामागे उडी घेतली. ती त्याला गाठते का, ते फाशावर; आकडा मोठा पडला तर गाठते. मी पाटीआड टाकला आणि म्हणालो, दोन पडले, शंकर बुडाला. दुर्गाने पाटी उचलली. वीस होते.

"तुझ्यावर विश्वास ठेवून खेळत होतो रे आम्ही," एवढंच म्हणाली.

मग मी टेबल उलटवलं, शंकरच्या थोबाडीत दिली. त्याचा गुन्हा काय, तर तिने उडी त्याच्यासाठी घेतली.

गेल्या सोमवारी आबा म्हणाले, "परत जावचा काय नाय, ता देवाक विचारया." देवळात मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली तर कॉलेजात परत जायचं. डावी पडली, सगळ्यांसमोर. तिथे कुठली पाटी.

तू लिहितोस, त्या दिवसापासून फासा सापडत नाही, चिठ्ठ्यांवर भागवू. तो माझ्याकडे आहे. टेबलाखालून उचलून आणला. रोज सकाळी एकदाच टाकायचो. वीस पडले तर दुर्गाला पत्र लिहायचं.

काल पडले. कागद घेतला, तिचं नाव लिहिलं. मग तुझ्या पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचली, तिचं आणि शंकरचं लग्न वैशाखात ठरल्याची. तो कागद फाडला. हा दुसरा.

फासा कापसात गुंडाळून सोबत पाठवतोय. पहिल्यांदा तिच्या हातून टाकून घे. कुठे मिळाला विचारलं, तर कपाटामागे होता म्हण. एवढं एक खोटं माझ्यासाठी तू बोल.

हात रिकामा झालेला,
जयराम