लेकीच्या नव्या घरात माझी खोली

माय, तुझ्या नातीनं नवं घर घेतलं. नाशकात, इंदिरानगरच्या पुढं, जिथं मागं मळे होते तिथं आता बिल्डिंगी उभ्या राहिल्यात, त्यातल्या एका बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर. कोरं घर. आमच्या आधी त्यात कुणी चूल पेटवली नाही, भिंतीला कुणी खिळा ठोकला नाही. मला इतका आनंद झालाय की कुणाला सांगू न् कुणाला नको. गावात सगळ्यांना सांगून झालं, देवळ्याच्या बाजारात मेथीवालीला सांगून झालं, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला तर घराचा नकाशा बोटानं सीटवर काढून दाखवला. आता तूच राहिलीस. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं जाईल. पण तुला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा चुका काढणार कोण म्हणा.

आनंदात एक काटा आहे, तो आधीच सांगते म्हणजे मोकळी होते. त्या घरातली एक खोली लेकीनं माझी म्हणून काढलीय. गावचं घर बंद कर न् कायमची ये म्हणते. तुझे जावई गेल्यापासून मी एकटीच आहे, शेत वाट्यानं दिलंय, गुडघे बोलायला लागलेत, सगळं खरं. पण मी पडले मुलीची आई. मुलाच्या घरी म्हातारपण काढतात, लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून जातात. शेजारची तर तोंडावरच म्हणाली, "जावयाच्या दारात बसून खाणार का गं आता? त्यापरीस इथं मर की, आम्ही हायेत ना." तिनं प्रेमानंच म्हटलं. पण मला रात्रभर लागलं, कारण तिच्या आवाजात मला तुझा आवाज आला.

तुला ती चैत्रातली दुपार आठवते का? आमच्याकडं कांद्याची काढणी चाललेली, मी सहा महिन्यांच्या लेकीला कांदाचाळीच्या सावलीत निजवलेलं, आणि नामपूरहून तू आलीस. डोक्यावर पाटी, पाटीत नातीला टोपडं, माझ्यासाठी सांडगे न् शेवया. घामानं तुझं लुगडं पाठीला चिकटलेलं. मी धावत तांब्या भरून आणते, तू हातानं बाजूला सारतेस. म्हणतेस, "माले तहान नही शे." ओठ वाळून पांढरे पडलेत आणि तहान नाही. आपल्याकडं लेकीला मुलगा झाल्याबिगर आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नव्हते, आणि मला तर मुलगी झालेली. मी तुझा हात धरून तांब्या तोंडाशी नेला तर तू कडक आवाजात म्हणालीस, "तुझ्या सासूपुढं मला खाली बघायला लावू नको." मग तू बांधावरून चालत शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर गेलीस, मोटरीच्या पाण्याखाली ओंजळ धरून पोटभर प्यालीस. मी चुलीपाशी बसून दारातून तुला बघतेय. तुझी ओंजळ भरते, सांडते, भरते. मला दुसरं मूल झालंच नाही. तू माझ्या घरचा एक घोट न घेता गेलीस.

मी तुझ्याइतकी कडक नाही. लेकीकडं मी पाणी पिते, जेवते, सगळं करते. पण जाताना बाजरीचं पीठ, डाळ, शेंगदाणे, कांदे, असं माझ्या खाण्याचं मी बरोबर नेते. लेक म्हणते, "आई, इथं दुकानं आहेत." मी म्हणते घरचं ते घरचं. तिला काय कळायचं ते कळतंच.

तर घराचं सांगत होते. गेल्या वर्षी बिल्डरची माणसं आम्हाला बघायला घेऊन गेली तेव्हा बिल्डिंग नुसता सांगाडा होती. पण खाली त्यांनी एक घर पूर्ण सजवून ठेवलेलं, सॅम्पल फ्लॅट म्हणतात त्याला. तसंच तुमचं होणार, असं दाखवायला. टेबलावर सफरचंदं होती ती प्लास्टिकची, टीव्ही होता तो नुसता खोका, नळ सोडला तर कोरडा. मी सगळं हात लावून बघितलं. दाखवणारी पोरगी गोड होती, सारखं मास्टर बेडरूम, मास्टर बेडरूम करत होती. मी तिला विचारलं, "पापड कुठं वाळवायचे?" ती म्हणाली, "आजी, गच्ची कॉमन आहे." "आणि ऊन कुठून येतं?" तर तिला सांगता येईना, ती मोबाईलमध्ये बघायला लागली. जावई हसून म्हणाले, "मामी, तुम्हीच सांगा, तुम्ही पास केलं तर घेऊ." मी बाल्कनीत उभी राहून उगवती बघितली, ओट्याची उंची कमरेला लावून बघितली आणि म्हटलं घ्या. मग पोरगी लहान खोलीत नेऊन म्हणाली, "ही किड्स रूम." माझी नात कॉलेजात जाते, ती म्हणाली, "ही आजीची." मी लगेच म्हटलं, "आजी पाहुणी आहे, तिला कोपरा पुरे." लेकीनं तोंड फिरवलं.

आता खरी गंमत ऐक. मागच्या महिन्यात किल्ली मिळायची होती. मी गावाहून पहिल्या गाडीनं आले, बरोबर आपल्या शेजारच्या म्हशीचं दूध, चार गोवऱ्या, नवं पातेलं, हळदकुंकू. नव्या घरात आधी दूध उतू घालायचं, मग बाकीचं. लेक-जावई खाली ऑफिसात सह्या करत बसलेले, एक झाली की दुसरी. राहूकाळ जवळ यायला लागला, मला दम निघेना. म्हटलं मी वर जाऊन तयारी करते. तिसरा मजला, लिफ्टमधून निघालं की उजवीकडं, मला पाठ होतं. दार उघडंच होतं, आत रंगारी शेवटचा हात मारत होता. मी खाली पडलेल्या विटा मांडल्या, गोवऱ्या पेटवल्या. रंगारी घाबरला, "माताजी, धुआँ लगेगा, दीवार काली होगी." मी म्हटलं, "बाबा, माझ्याच लेकीची भिंत, काळी झाली तर ती मला बोलेल, तुला नाय." तो बिचारा बाल्कनीचं दार उघडून बाजूला उभा राहिला. आणि माय, दूध काय उतू गेलं. पूर्वेकडं, भरभरून, फेसच फेस. मी हात जोडले, डोळे भरून आले.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी. तिशीची असेल. मला म्हणते, "मावशी, तुम्ही कोण?" मी म्हटलं, "तू कोण गं?" ती म्हणाली, "हे आमचं घर आहे." दोन बिल्डिंगी समोरासमोर, एकीसारखी एक, बहिणी-बहिणी. मी भलतीतच चढलेले. लेकीच्या घरचं पहिलं दूध मी लोकांच्या घरात उतू घालून बसले होते. पण ती बाई रागावली नाही. तिचा नवरा धूर बघून काही बोलायला लागला तर त्यालाच गप्प केलं. म्हणाली, "आमच्यात हे करणारं मोठं कुणी राहिलं नाही. आम्ही नुसता नारळ फोडणार होतो." आणि खाली वाकून माझ्या पाया पडली. मग पिशवीतली बाटली काढून म्हणाली, "मावशी, पाणी घ्या, घामाघूम झालात." मी घटाघटा प्याले, अर्धी बाटली संपवली.

लेक-जावई मला शोधत तिथं पोचले ते नेमके तेव्हा. सगळं ऐकून जावई म्हणाले, "मामी, म्हणजे आपली भरभराट गेली शेजारी." सगळे हसले, लेक सोडून. जिन्यात आल्यावर लेक मला म्हणाली, "ओळख ना पाळख, त्या बाईचं पाणी तू एका दमात प्यालीस. आणि माझ्याकडं येताना स्वतःचं पीठ बांधून आणतेस. मी त्या बाईपेक्षा लांबची आहे का?" माझ्यासमोर तू विहिरीवर ओंजळ धरून उभी होतीस, आणि जिन्यात उभी असलेली ती नव्हती, मी होते. त्या चैत्रातल्या दुपारी मला तुला हेच विचारायचं होतं. विचारलं नव्हतं.

दूध उरलं नव्हतं. जावई खालून पिशवीचं घेऊन आले. मी म्हटलं पिशवीचं चालतं का, तर म्हणाले, "उतू गेलं म्हणजे झालं." आमच्या खऱ्या घरात, गोवऱ्या संपलेल्या म्हणून कागदपुठ्ठ्यावर, ते जाता जाईना, आणि एकदम गेलं. उरलेल्या दुधाचा लेकीनं चहा केला, मला पहिला कप दिला. मी प्याले.

दोन दिवसांनी तिला सांगितलं, येते कायमची. शेजारणीलाही सांगितलं, ती रडली आणि लगेच म्हणाली, "मग मला एक दिवस तिकडं बोलावशील ना लिफ्टमध्ये बसायला?" हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, घडी करून माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवते, कपाटालाही अजून रंगाचा वास येतो. तू असतीस तर रागावली असतीस का? बहुतेक असतीस. तरी मी आले असते.

लेकीला वाटतं, जिन्यात ती बोलली म्हणून मी तयार झाले. तिला तसंच वाटू दे. तुला खरं सांगते. त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळे पुन्हा ओटा बघायला गेले तेव्हा मी त्या लहान खोलीचं दार लोटलं, चपला काढल्या, आणि पलंगावर आडवी होऊन बघितलं, खिडकीतून काय दिसतं ते.