पायांचा पाळणा

माय, या हातांनी आजवर काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुला पटेल. तीन बैलगाड्या, त्यातली एक दमणी, माणसांच्या सवारीची. तिफणी आणि जू किती, ते मोजलं नाही. आपल्या कोरीट गावातल्या निम्म्या घरांचे दरवाजे. सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी विकायला नेतो ते पाट, पोळपाट आणि लेकरांचे पाळणे. कोणा सुताराच्या हाताखाली एक दिवस बसलो नाही. मोडक्या वस्तू उकलून पाहिल्या आणि शिकलो. अक्षरंही तशीच शिकलो, नंदुरबार स्टेशनवरच्या आणि मिरचीबाजारातल्या पाट्या वाचून, म्हणून हे असं शाळेच्या भाषेत लिहितोय. तू हसशील. आणि सगळ्यात शेवटी केलेला एक पाळणा, जेमतेम हातभर लांबीचा, लेकराचा नाही. लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल.

मी सात-आठ वर्षांचा होऊन ढोरं चारू लागलो तरी तू ओसरीवरची माझी झोळी सोडली नव्हतीस. दुपारी सगळ्यांची जेवणं होतात, भांडी पालथी पडतात, मग तू गोधडीवर आडवी होतेस, दोन्ही पाय त्या जुन्या लुगड्याच्या झोळीत टाकतेस आणि झोके देत राहतेस. तुझी नणंद, माझी फुई, दारातूनच ओरडते, "पोऱ्या ढोरं चारी ऱ्हायना, अन तू आते पायस्ले निजाडी ऱ्हायनी का?" तू डोळे न उघडता म्हणतेस, "हाऊ मन्हा दुसरा पोऱ्या शे. पहिलापेक्षा जास्ती रडस." फुई हसते, पण बाहेर जाऊन चार घरी सांगते की वहिनीच्या पायांत वारं शिरलंय. मी एकदा विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "दुखत नही रे भाऊ. पन पाय जागावर ऱ्हात नही." एवढंच. आपलं दुखणं सांगायला तुझ्याकडे याहून जास्त शब्द नव्हते, आणि ऐकायला कोणाला सवडही नव्हती. मी पहिला पाट केला तेव्हा मात्र तू बसून पाहिलास आणि फटकन म्हणालीस, "हाऊ खुपस. परत घास." तेव्हापासून मी लाकूड डोळ्यांनी पाहत नाही, तळहातानं पाहतो.

तू गेलीस त्याला खूप वर्षं झाली. चाळिशी उलटली आणि तुझे पाय मला आले. संध्याकाळी टेकलो की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटू लागायचं; चालू लागलो की थांबायचं, बसलो की पुन्हा सुरू. तेल लावलं, काशाच्या वाटीनं तळवे घासले, गार पाण्यात पाय सोडून बसलो. झोप गेली. झोप गेल्यावर हात गेला. एका दरवाज्याच्या सांध्यांतली कुसं सैल बसली, आणि ती माझ्या लक्षातही आली नाहीत, गिऱ्हाइकानं दाखवली. त्या दिवशी वाटलं, हत्यारं आता गुंडाळून ठेवावीत. तेव्हा बायकोनं मला ओढतच नंदुरबारला नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान. खालची पापणी ओढून पाहिली, रक्त काढलं, नको ते सगळं विचारलं. मूळव्याधीचं रक्त कित्येक वर्षं जातंय हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते बाईंना सांगावं लागलं. म्हणाल्या, अंगातलं लोह संपलंय, म्हणून पाय असे करतात. गोळ्या दिल्या आणि चहा कमी करायला सांगितलं. गोळ्यांनी पोटात आग पडली. मग मी माझं डोकं चालवलं. लोह म्हणजे लोखंड, आणि लोखंडाला आपल्या घरी काय तोटा? नवे खिळे धुतले आणि माठात टाकले. बायको म्हणाली, "आते मेखा बी चावी टाका, म्हंजे लवकर गुण ई." महिनाभर मी ते तांबूस पाणी अभिमानानं प्यायलो. पाय होते तसेच. परत गेलो तेव्हा बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पोटातून जात नसेल तर शिरेतून देऊ, पण तासन् तास निजून राहावं लागेल.

तासन् तास निजून राहणं! माय, तेवढं जमत असतं तर मी तिथे गेलो असतो का?

हात फळीला बांधला. वर काचेची बाटली, तिला रबराची नळी. औषध काळपट तपकिरी, लोहार गाडीच्या चाकाची तापलेली धाव बुडवतो त्या पाण्यासारखं. पहिले थेंब पडेपर्यंत बाई जवळ बसून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. हे औषध एखाद्याला सोसत नाही म्हणे. मला सोसलं. सोसले नाहीत ते पाय. थोड्या वेळात ते उसळू लागले, त्यांच्याबरोबर मी हललो आणि सुई निघाली. नर्स म्हणाली, "दादा, पुन्हा निघाली तर आज बंद करावं लागेल." दुसऱ्या हाताला सुई टोचली. बाटली अर्धीही सरली नव्हती. बायको पाय दाबून धरते आहे, म्हणते आहे, "आते तरी गप पडी ऱ्हा!" आणि दाबलं की आणखी वळवळ. माझी नजर वर गेली, खाटेच्या मच्छरदाणीच्या दांड्यांवर. म्हटलं, माझं उपरणं घे आणि पायथ्याच्या दोन दांड्यांना बांध. फास नको, मायची गाठ, ओढली की सुटते ती. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "आठे दवाखानामा बी कारागिरी!" पण बांधलं. पाय झोळीत टाकले आणि हळू झोका दिला. कमरेच्या वर मी दगडासारखा स्थिर होतो.

बाई आल्या, पाहतच राहिल्या. "हे कोणी शिकवलं?" मी तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्याही अंगात लोह कमी असणार. बाळंतपणांत बायकांचं किती रक्त जातं. ते वारं नव्हतं हो, आजार होता." मी म्हटलं, "बाई, परत एकदा सांगा." त्यांनी परत सांगितलं, न कंटाळता. बाटली संपली.

गुण लगेच आला नाही. पंधरा-वीस दिवसांनी जेवून ओट्यावर टेकलो होतो, तर बायको टक लावून पाहू लागली. "काय व्हयनं? पाय कसा गप शेतस?" मी खाली पाहिलं. दोन पाय, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे पडलेले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, आणि तुझे त्यांच्याही आधी. तुझी झोळी नसती तर ते औषध माझ्या अंगात गेलंच नसतं.

मग तुझ्या नावानं पाळणा केला. शिसवी, बारीक कातीव दांड्या, पितळी साखळ्या. तळहात फिरवून पाहिला, कुठे खुपत नाही. हा कागद तुझ्याकडे कसा यायचा, आणि आला तरी तुला वाचून कोण दाखवणार? त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. पाय शांत आहेत, गरज काही उरलेली नाही, तरी दुपारचं जेवण झालं की मी त्यात पाय टाकतो आणि झोका देतो.

परवा नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी आला होता, नातवाच्या पाळण्याची ऑर्डर द्यायला. त्याला हाच आवडला. यात लेकरू मावायचं नाही, तसाच मोठा करून देतो म्हटलं, तर म्हणाला, हाच पाहिजे, शोभेला टांगीन. मी नाही म्हणालो. यात्रेत तीन पाळण्यांचे येतात तेवढे, सव्वादोनशे रुपये देत होता.